देखरेख : तिचा अर्थ व निरनिराळ्या ठिकाणचें तिचें कार्य



"देखरेख" हा शब्द कानीं पडतांच आपणांपैकीं पुष्कळांच्या मनास तो थोडासा बोचतो. शाळेंत तपासणीस येणार अशी बातमी आली कीं शिक्षक घाईघाईनें वह्या पुऱ्या करूं लागतात, अंगणवाडींत पर्यवेक्षिका येणार असें कळलें कीं सेविकेच्या छातींत धडधड होते, आणि मंडळीच्या हिशेबाची वही कोणी मागितली तर ज्याच्याकडे ती असते तो मनांत म्हणतो, "माझ्यावर विश्वास उरला नाहीं वाटतें!" अशा रीतीनें, जी गोष्ट कामास आधार व्हावी म्हणून निर्माण झाली, तीच पुष्कळदां अपमानासारखी वाटते. असें कां व्हावें? देखरेख म्हणजे खरोखर काय, ती कोठें उपयोगी पडते, कोठें बिघडते, आणि आपल्या मंडळ्यांत तिचें स्थान कोणतें, ह्या प्रश्नांचा आज आपण शांतपणें विचार करूं.

१. शब्दाचा अर्थ

सरकारी कागदांत देखरेखीस "पर्यवेक्षण" म्हणतात. हा संस्कृत शब्द तीन भागांचा आहे. "परि" म्हणजे सभोंवार, "अव" म्हणजे खालीं, आणि "ईक्षण" म्हणजे पाहणें. सभोंवार व खालवर नीट पाहणें, असा त्याचा अर्थ झाला. नव्या करारांत मंडळीच्या अध्यक्षासाठीं "एपिस्कोपॉस" हा जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचाही अर्थ "वरून पाहणारा", म्हणजे देखरेख करणारा, असाच आहे. आणि "बिशप" हा शब्द त्यापासूनच झाला. ह्यावरून दिसून येईल कीं ज्यास आपण मोठ्या मानाचें पद समजतों, तें मुळांत एका कामाचें नांव होतें. तें काम म्हणजे पाहणें.

परंतु पाहण्यापाहण्यांत फरक असतो. आपल्या मराठींत त्यासाठीं तीन निरनिराळे शब्द आहेत, व ते एकमेकांत मिसळल्यामुळेंच पुष्कळ गैरसमज होतात. पहिला शब्द "राखण". शेताची राखण करणारा माळ्यावर बसून पीक पांखरांपासून वांचवितो. त्याची नजर वस्तूवर असते. दुसरा शब्द "पाळत". पाळत ठेवणारा लपून पाहतो. त्याची नजर मनुष्यावर असते, व मनुष्य चुकावा अशी जणूं त्याची इच्छा असते. तिसरा शब्द "देखरेख". देखरेख करणारा उघडपणें येतो, कामाकडे पाहतो, आणि काम करणारा यशस्वी व्हावा अशी त्याची इच्छा असते. राखणदारास पिकाची काळजी, पाळत ठेवणाऱ्यास संशयाची काळजी, आणि देखरेख करणाऱ्यास काम व काम करणारा ह्या दोहोंची काळजी. हा भेद मनांत धरून आपण आतां चार ठिकाणीं जाऊन पाहूं.

२. पाटाच्या पाण्यावर

खानदेशांत पांझरा नदीच्या कांठीं, व तसेंच मोसम आणि आरम ह्या नद्यांच्या कांठीं, "फड" नांवाची पाणी वांटून घेण्याची फार जुनी पद्धत आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यांतून निघणारा पाट, आणि पाटाखालील जमिनीचे मोठाले तुकडे, ज्यांस फड म्हणतात. एका फडांत सर्व शेतकऱ्यांनीं एकच पीक घ्यावयाचें व पुढील सालीं त्यांत पालट करावयाचा, असा नियम. सगळ्यांची पिकें एकदांच पाणी मागतात, म्हणून वांटपांत भांडण कमी होतें.

ह्या पद्धतींत शेतकऱ्यानें आपल्या हातानें पाटाचें बारें फोडून पाणी घ्यावयाचें नसतें. पाणी देण्याचें काम पाटकऱ्याचें. पीक राखण्याचें काम जागल्याचें. आणि ह्या दोघांच्या कामावर नजर ठेवण्याचें काम हवालदाराचें. ह्या सर्वांस मेहनताना कोण देत असे? तेच शेतकरी, आपल्या पिकांतून. म्हणजे ज्यांवर देखरेख व्हावयाची त्यांनींच ती नेमिली, तिचा खर्च सोसला, व तिचा शब्द मानिला.

असें त्यांनीं कां केलें असावें? कारण उघड आहे. पाटाच्या तोंडाशीं ज्याचें शेत असतें त्याला पाणी सहज मिळतें. शेपटाकडे ज्याचें शेत असतें त्याला मिळेलच असें नाहीं. तोंडाकडील मनुष्य दुष्टच असला पाहिजे असें नाहीं. रात्रीं त्याला झोंप लागली व बारें उघडें राहिलें, एवढ्यानेंही खालच्याचें पीक वाळतें. म्हणून देखरेख प्रथम कोणासाठीं असते, तर शेपटाकडील मनुष्यासाठीं. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवूं, कारण पुढें प्रत्येक ठिकाणीं ती आपणांस पुन्हां भेटणार आहे. धरणें व विहिरी झाल्यावर ही पद्धत पुष्कळ ठिकाणीं मोडकळीस आली. परंतु तिचा धडा मोडला नाहीं.

३. कारखान्यांत

आतां दुसरें ठिकाण. इंग्लंडांत कापसाच्या गिरण्या सुरू झाल्या तेव्हां लहान मुलें त्यांत दिवसाचे बारा-बारा तास व त्याहून अधिकही राबत असत. १८०२ सालीं पार्लमेंटनें ह्या मुलांसाठीं पहिला कायदा केला. त्याची अंमलबजावणी पाहण्यासाठीं प्रत्येक भागांत दोन भेट देणारे नेमावयाचे होते. एक स्थानिक न्यायाधीश व दुसरा एक धर्मोपदेशक. दोघेही बिनपगारी. परिणाम काय झाला? कायदा कागदावरच राहिला. न्यायाधीश व उपदेशक हे गिरणीमालकांच्या पंगतीस बसणारे. त्यांस गिरणींत जाऊन मुलें मोजण्यास सवड नव्हती, व पुष्कळांस इच्छाही नव्हती. आम्हां पाळकांस ही गोष्ट वाचून थोडी लाज वाटावी हें योग्यच आहे.

पुढें १८३३ सालीं नवा कायदा झाला. नऊ वर्षांखालील मुलांस बहुतेक कापड गिरण्यांत कामास मनाई झाली, व नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांस आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालण्यांत आली. परंतु ह्या कायद्याची खरी नवलाई निराळीच होती. त्यानें चार पगारी निरीक्षक नेमिले, व त्यांस कोणत्याही गिरणींत शिरण्याचा अधिकार दिला. साऱ्या देशास चार माणसें म्हणजे फारच थोडीं. तरीपण त्यांनीं जें पाहिलें तें लिहिलें, लिहिलेलें छापलें गेलें, आणि छापलेलें वाचून पुढील कायदे झाले. आपल्या देशांत कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ सालीं झाला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस तो लागू होता, व त्यानें सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्याची मनाई केली. दहा वर्षांनीं, १८९१ सालीं, ती मर्यादा नऊ वर्षांची झाली.

ह्यांतून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. एक अशी कीं, चांगला नियम केल्यानें काम संपत नाहीं. जो नियम कोणी जाऊन पाहत नाहीं तो नसल्यासारखाच होय. दुसरी अशी कीं, ज्याच्यावर देखरेख करावयाची त्याच्या मेजवानीस जो बसतो त्याच्या हातून देखरेख होत नाहीं. २०२० सालीं आपल्या संसदेनें कामगारांच्या सुरक्षिततेविषयीं जो कायदा संमत केला, त्यांत निरीक्षकाच्या नांवास "सुविधाकर्ता" असेंही जोडलें आहे. म्हणजे त्यानें दोष दाखवावा व नियम कसा पाळावा हेंही शिकवावें. हेतु चांगला आहे. मात्र शिकवितांना पाहण्याचें काम सुटतां कामा नये, नाहींतर १८०२ सालचीच गोष्ट पुन्हां होईल.

४. शाळेंत

देखरेख नसल्यानें काम बिघडतें, हें झालें. परंतु चुकीच्या गोष्टीवर देखरेख ठेवल्यानेंही काम बिघडतें, हें शाळेंत दिसतें.

१८६२ सालीं इंग्लंडांत असा नियम झाला कीं, निरीक्षकानें वर्षांतून एकदां येऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व गणित ह्यांत परीक्षा घ्यावी, आणि जितकीं मुलें उत्तीर्ण होतील तितकी रक्कम शाळेस मिळावी. वरवर पाहतां हें किती न्याय्य! काम तितका दाम. पण झालें काय? शिक्षक परीक्षेपुरतेंच शिकवूं लागले. वाचनाचें पुस्तक मुलांकडून तोंडपाठ करून घेण्यांत येऊं लागलें, इतकें कीं अक्षर न वाचतांही मूल घडाघडा "वाचे". जें मोजलें जात नव्हतें तें शिकविणें मागें पडलें. प्रसिद्ध कवि मॅथ्यू आर्नोल्ड हे स्वतः १८५१ पासून १८८६ पर्यंत शाळानिरीक्षक होते. त्यांनीं ह्या पद्धतीस उघड विरोध केला. पद्धत चालविणाऱ्यांपैकींच एकानें तिच्याविरुद्ध बोलावें, हें धैर्याचें काम होय. ती पद्धत त्या शतकाच्या अखेरीस बंद झाली.

आपल्या गांवच्या शाळांत जुन्या काळीं दिपोटीसाहेब येत. आतां केंद्रप्रमुख व विस्तार अधिकारी येतात. नांवें बदललीं, परंतु प्रश्न तोच आहे. येणारा मनुष्य काय पाहतो? दप्तर पुरें आहे कीं नाहीं एवढेंच पाहिलें, तर दप्तर पुरें होईल. हजेरीपटावर खुणा किती हें पाहिलें, तर खुणा वाढतील. मागच्या बांकावरील मुलीजवळ बसून, "बाळ, हा धडा मला वाचून दाखव," असें म्हटलें, तर मात्र शिकविणें वाढेल. ज्या ठिकाणीं देखरेखीचा डोळा जातो त्याच ठिकाणीं श्रम जातात. म्हणून डोळा कोठें ठेवावा हें ठरविणें हाच देखरेखीचा निम्मा भाग आहे. येथेंही मागच्या बांकावरील मूल म्हणजे पाटाच्या शेपटाकडील शेतच होय.

५. रोग्याच्या घरीं

१९५६ सालीं मद्रास, म्हणजे आतांचें चेन्नई, येथें क्षयरोगावरील औषधांचा अभ्यास सुरू झाला. प्रश्न असा होता कीं, रोग्यास आरोग्यधामांत ठेवून, चांगलें अन्न व विश्रांति देऊन जो गुण येतो, तो त्याच्या गरीब घरीं राहूनही येईल काय? १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरीं औषध घेणाऱ्यांस जवळ जवळ तितकाच गुण आला; आणि त्यांच्या घरच्या माणसांस त्यामुळें अधिक बाधा झाली असेंही आढळलें नाहीं. ह्या एका शोधानें सर्व जगांतील क्षयाच्या उपचाराची दिशा पालटली.

परंतु त्याबरोबर एक अडचणही दिसून आली. क्षयाचें औषध महिनोन् महिने घ्यावें लागतें, आणि दोन-तीन महिन्यांत रोग्यास बरें वाटूं लागतें. खोकला थांबतो, भूक लागते, अंगांत बळ येतें, मग तो म्हणतो, "आतां गोळ्या कशाला?" पण शरीरांतील जंतु सगळे मेलेले नसतात. जे उरतात ते वाढतात, व कधीं कधीं त्या औषधांस दाद न देणारे होतात. तेव्हां रोग्यावर, त्याच्या मुलांबाळांवर व शेजाऱ्यांवर फार मोठें संकट येतें. ह्यासाठीं औषधाचा घोट कोणाच्या तरी नजरेसमोर घ्यावा, अशी रीत निघाली. भारतांत १९९७ सालीं ह्या रीतीनें कार्यक्रम सुरू झाला व २००६ पर्यंत तो साऱ्या देशांत पोंचला. प्रथम आठवड्यांतून तीनदां औषध देत; २०१७ पासून तें रोज देण्याची पद्धत आली.

ह्या ठिकाणीं देखरेख कोणावर आहे? चोरावर नाहीं, आळश्यावर नाहीं. तर आजारी मनुष्यावर, व तीही त्याच्याच जीवासाठीं. आशाताई दारांत उभी राहून, "काका, गोळी घेतली का? माझ्यासमोरच घ्या," असें म्हणते, तेव्हां त्यांत संशय नसून माया असते. तरी हीच गोष्ट दरडावून केली तर रोगी दार लावून घेतो. म्हणजे देखरेखीचें औषध कोणत्या हातानें दिलें जातें ह्यावरही गुण अवलंबून आहे.

आणखी एक उदाहरण आपल्याच गडचिरोली जिल्ह्याचें आहे. तेथें डॉक्टर अभय बंग व डॉक्टर राणी बंग ह्यांच्या "सर्च" ह्या संस्थेनें खेड्यांतील स्त्रियांस नवजात बालकांची घरींच काळजी घेण्यास शिकविलें. त्यांस आरोग्यदूत म्हणतात. बालकाचें वजन करणें, ऊब राखणें, श्वास मोजणें, जंतुसंसर्गाचीं लक्षणें ओळखून औषध देणें, हीं कामें त्या करूं लागल्या. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें, त्या गांवांत नवजात बालकांचे मृत्यु तुलनेच्या गांवांपेक्षां ६२ टक्क्यांनीं कमी झाले. ह्या यशाचें श्रेय त्या स्त्रियांस आहे. परंतु हें विसरूं नये कीं, दर पंधरा दिवसांनीं त्यांच्याकडे कोणीतरी जात असे. त्यांनीं लिहिलेली नोंद पडताळून पाहत असे, चुकलें तेथें सुधारून पुन्हां शिकवीत असे. असेंच जामखेड येथें डॉक्टर रजनीकांत व डॉक्टर मेबल आरोळे ह्यांनीं १९७० सालीं काम सुरू केलें. तेथील ग्रामीण आरोग्यसेविकांपैकीं कित्येकींस लिहितां-वाचतां येत नव्हतें. परंतु त्या वारंवार केंद्रावर जमत, गांवांतील अनुभव एकमेकींस सांगत, व नवें शिकून परत जात. अशा ठिकाणीं देखरेख व शिक्षण ह्या दोन गोष्टी निराळ्या राहत नाहींत. आडगांवांत एकट्या काम करणाऱ्या बाईस, "तुझें काम कोणीतरी पाहत आहे," हेंच मोठें बळ असतें.

६. किती जणांवर, व कोणी?

आतां असा प्रश्न येतो कीं, एक मनुष्य किती जणांवर देखरेख करूं शकेल? निर्गमाच्या अठराव्या अध्यायांत मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचा न्याय करीत बसलेला दिसतो. त्याचा सासरा इथ्रो तें पाहतो व स्पष्ट सांगतो कीं हें बरें नव्हे, ह्यानें तूंही झिजशील व हे लोकही झिजतील. मग तो त्यास सहस्रांवर, शतांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमावयास सांगतो. मोठें प्रकरण तेवढें मोशेकडे यावें. इथ्रोनें नायकांचे गुण कोणते सांगितले तेंही पाहावें : ते कर्तबगार असावेत, देवाचें भय बाळगणारे असावेत, विश्वासू असावेत, व लांच न घेणारे असावेत. विद्वान असावेत, मोठ्या घरचे असावेत, असें तो म्हणत नाहीं.

ज्या पर्यवेक्षिकेच्या हाताखालीं पंचवीस-तीस अंगणवाड्या असून शिवाय कागदपत्रांचा ढीग असतो, तिला हा अध्याय वाचून दाखविला तर तिच्या डोळ्यांत पाणी येईल. दहांवर एक नायक असला तर तो प्रत्येकाचें नांव व अडचण जाणतो. शंभरांवर एक असला तर तो केवळ आंकडे जाणतो.

आणि पाहणाऱ्यास कोणीं पाहावें? राजस्थानांत १९९४ सालीं खेड्यांतील मजुरांनीं ह्या प्रश्नाचें उत्तर दिलें. त्यांनीं गांवच्या कामांचे हजेरीपट व हिशेब मिळवून भर सभेंत मोठ्यानें वाचले. तेव्हां कळलें कीं, ज्यांनीं कधीं काम केलें नाहीं त्यांचींही नांवें पटावर होतीं. अशा जनसुनावण्यांतून पुढें माहितीच्या अधिकाराचा कायदा व्हावा ही मागणी वाढली, व तो २००५ सालीं झाला. त्याच सालच्या रोजगार हमीच्या कायद्यांत ग्रामसभेनें कामांचा हिशेब तपासावा असें कलम घालण्यांत आलें. तेव्हां देखरेख वरून खालींच होते असें नाहीं. ती खालून वरही झाली पाहिजे, आणि तिच्यासाठीं मोठें साधन लागत नाहीं. हिशेब मोठ्यानें वाचणें एवढेंच पुरे होतें.

७. मंडळींत

इतका वेळ मीं दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आतां स्वतःची एक सांगतों. ती सांगणें मला सोपें नाहीं.

मी नव्यानेंच पाळक झालों होतों तेव्हां एका लहान खेड्यांतील मंडळी माझ्याकडे सोंपविण्यांत आली. तेथें एक वृद्ध खजिनदार होते. त्यांस सारे "मास्तर" म्हणत. वीस-एक वर्षें दर रविवारचें दान तेच मोजीत, तेच वहींत लिहीत, व तेच पत्र्याच्या पेटींत ठेवीत. वही पाहावी असें मला एकदोनदां वाटलें, पण मनांत म्हटलें, "एवढा सज्जन मनुष्य, वही मागितली तर त्यांस काय वाटेल?" ह्या भिडेखातर मीं तीन वर्षें वही मागितली नाहीं, व त्यास मी विश्वास असें नांव दिलें.

मग मंदिरावर नवे पत्रे घालण्याचें काम निघालें. पैसे जमले, काम झालें, आणि कांहीं महिन्यांनीं कोणीतरी म्हटलें कीं जमा व खर्च ह्यांचा मेळ बसत नाहीं. वही आणली. कांहीं पावत्या होत्या, कांहीं नव्हत्या. कांहीं रकमा एकाच ओळींत एकत्र लिहिलेल्या. तूट फार मोठी नव्हती, पण ती कशाची हें कोणासही सांगतां येईना. मास्तरांनीं आपल्या घरची शेळी विकून ती भरून दिली. त्यानें तर कुजबुज अधिकच वाढली, "घेतले नव्हते तर भरले कां?" असें लोक म्हणूं लागले.

एके संध्याकाळीं मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलों व म्हटलें, "मास्तर, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे." ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "पाळकसाहेब, तुमच्या विश्वासाचें मी काय करूं? तुम्ही महिन्याकांठीं एकदां वही मागितली असती, तर आज लोकांना दाखवायला माझ्याजवळ तुमची सही असती."

त्यानंतर ते मंदिरांत मागच्या चटईवर बसूं लागले. पुढें दोन वर्षांनीं ते वारले. त्यांनीं पैसा घेतला नव्हता असें मी आजही मानितों. पण तें मी सिद्ध करूं शकत नाहीं, आणि त्यांनाही करतां आलें नाहीं. दोष त्यांचा नव्हता, माझा होता. मीं त्यांस मान दिला असें मला वाटत होतें. खरें पाहतां मीं त्यांस उघड्यावर एकटें सोडिलें होतें.

तेव्हांपासून मी जेथें जेथें गेलों तेथें एक नियम लाविला. दान दोघांनीं, सर्वांसमोर, उपासना संपतांच मोजावें. दोघांनीं सही करावी. पाळकानें महिन्यास वही पाहून सही करावी. आणि तीन महिन्यांनीं हिशेब मंडळीपुढें वाचावा. प्रत्येक ठिकाणीं प्रथम कुरकुर झाली. "पाळकसाहेबांचा आमच्यावर विश्वास नाहीं," असें म्हणण्यांत आलें. मी त्यांस पौलाचें उदाहरण सांगतों. यहूदियांतील गरिबांसाठीं जमविलेली मोठी वर्गणी न्यावयाची होती, तेव्हां पौलानें ती एकट्यानें हातीं घेतली नाहीं. मंडळ्यांनीं निवडलेला बंधु तीताबरोबर जोडून दिला, व आपल्यावर कोणीं दोष ठेवूं नये म्हणून असें करितों हें करिंथकरांस उघड लिहिलें. प्रेषितास जर साक्षीदाराची गरज वाटली, तर आपण कोण? आणि इफिसच्या वडिलांस निरोप देतांना त्यानें त्यांस आधीं स्वतःकडे लक्ष देण्यास व मग कळपाकडे लक्ष देण्यास सांगितलें. हा क्रम आपण उलटा करूं नये.

८. सारांश

आतांपर्यंत पाहिलेल्या गोष्टींवरून चांगल्या देखरेखीचीं लक्षणें थोडक्यांत अशीं सांगतां येतील :

(१) ती उघड असावी. केव्हां, कोण व काय पाहणार हें सर्वांस ठाऊक असावें. लपून पाहणें ही पाळत होय.

(२) ती नित्य असावी. संशय आल्यावर वही मागितली तर ती चौकशी होते व मनुष्यास डाग लागतो. दर महिन्यास मागितली तर कोणासच डाग लागत नाहीं.

(३) ती खऱ्या कामाची असावी. दप्तरापेक्षां मूल, नोंदीपेक्षां रोगी, आंकड्यापेक्षां माणूस पाहावा.

(४) तिच्याबरोबर मदत असावी. चूक दाखवून निघून जाणें सोपें आहे; जवळ बसून सुधारणें हेंच देखरेख करणाऱ्याचें काम आहे.

(५) पाहणाराही पाहिला जावा. ज्याच्या वहीवर दुसऱ्याची सही नाहीं तो पाळक असो कीं अधिकारी, त्यानें स्वतःसाठीं भय बाळगावें.

हल्लीं पुष्कळ ठिकाणीं भिंतीवर कॅमेरे लावितात, व मोबाईलवर छायाचित्र पाठविल्यावांचून हजेरी लागत नाहीं. हीं साधनें वाईट नाहींत. राखणीस तीं उपयोगी पडतात. परंतु कॅमेरा चुकलेल्याजवळ बसून त्यास शिकवीत नाहीं, थकलेल्यास "बाई, आज तुझा चेहरा उतरलेला कां?" असें विचारीत नाहीं, आणि निरपराध्याच्या वतीनें सभेंत उभा राहून, "ही वही मीं स्वतः पाहिली आहे," असें म्हणत नाहीं. तें मनुष्यासच करावें लागतें.

बंधुभगिनींनो, पुढील वेळीं कोणी आपलें काम पाहावयास आला तर त्यास पाट-चटई द्या, आणि आपली वही आपण होऊन पुढें करा. आणि आपणांवर कोणाचें काम पाहण्याची पाळी आली तर भिडेखातर टाळूं नका. आपल्या न पाहण्याची किंमत बहुधा आपण देत नाहीं. ती मागच्या चटईवर बसलेला कोणीतरी देतो.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. राखण, पाळत व देखरेख ह्यांत फरक काय? आपल्या गांवांतील एकेक उदाहरण द्या.

२. फड पद्धतींत शेतकरी स्वतःच हवालदारास मेहनताना देत; त्यामुळें देखरेखीस बळ येतें कीं ती दुबळी होते? १८०२ सालच्या बिनपगारी भेट देणाऱ्यांशीं तुलना करून सांगा.

३. आपल्या मंडळींत दान कोण मोजतो, व त्याच्या वहीवर शेवटची सही केव्हां झाली?

४. ज्याचें काम गेल्या वर्षांत कोणीही येऊन पाहिलें नाहीं असा आपल्या मंडळींत कोण आहे? ह्या आठवड्यांत त्याच्याकडे कोण जाईल?